समुद्राचा तपासनीस

आप्पांच्या फ्रिजमध्ये दूध ठेवायला मनाई होती. ते आमचे घरमालक. उधन्याच्या त्या दुमजली घरात खाली ते एकटे राहायचे आणि वर आम्ही भाडेकरू. आमच्याकडे फ्रिज नव्हता. उन्हाळ्यात आई एकदा पातेलं घेऊन खाली गेली, तेव्हा आप्पांनी फ्रिजचं दार उघडून तिला आत बघायला लावलं. दोन्ही कप्प्यांत बाटल्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडावर चांदीसारखा कागद, अंगावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि भरती की ओहोटी.

"वहिनी, हा समुद्र आहे," ते म्हणाले. "याच्या शेजारी दूध ठेवाल तर त्याचा भरवसा मी देणार नाही. तुम्हाला चालेल?"

आईला चालणार नव्हतं. ती पातेलं घेऊन वर आली आणि वडिलांना म्हणाली, "माणूस चांगला आहे, पण समुद्र आणून ठेवलाय घरात."

आप्पा मूळचे धुळ्याकडचे. पलसाण्याच्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात त्यांनी उभी नोकरी प्रयोगशाळेत काढली. निवृत्त झाल्यावर कारखान्याने भंगारात काढलेलं एक उबवणी यंत्र त्यांनी मागून घेतलं. फ्रिजएवढी ती पेटी त्यांनी न्हाणीघरात बसवली आणि स्वतः अंगणातल्या नळावर आंघोळ करू लागले. दर शुक्रवारी ते डुमसच्या बाजूला समुद्रावर जायचे, लोक जिथे पोहायला उतरतात तिथलं पाणी बाटलीत भरायचे, घरी आणून काचेच्या नळ्यांतल्या जांभळ्या रसात घालायचे आणि दोन दिवस उबवायचे. नळीतला रस जांभळा राहिला तर पाणी चांगलं. पिवळा पडून त्यात बुडबुडा धरला तर पाण्यात मैल्याचे जंतू असल्याचा संशय, मग पुढची तपासणी. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

बाटल्या निर्जंतुक करायला त्यांच्याकडे मोठा प्रेशर कुकर होता. गुरुवारी संध्याकाळी त्याच्या शिट्ट्या सुरू झाल्या की गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "आज डाळ नाही हं, आप्पा बाटल्या शिजवतायत."

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे घडलं त्यात आप्पांचा दोष काडीचा नाही. माझे वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला आणि कामगारांची पत्रकं लिहिणारे. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. मी वाचलेल्या पहिल्या वाक्याच्या शेवटी तीन उद्गारचिन्हं होती, त्यामुळे कितीतरी दिवस वाक्य तसंच संपतं अशी माझी समजूत होती. चौथीत 'माझी आई' या निबंधाचा शेवट मी 'एकजुटीचा विजय असो' असा केला. बाईंनी वर्गात वाचून दाखवला आणि मी ते कौतुक समजले. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहू लागले. मेसच्या जेवणापासून साम्राज्यवादापर्यंत कोणताही विषय मला परका नव्हता. माहिती मात्र फारशी कशाचीच नव्हती.

असा माणूस आप्पांच्या घरात भाड्याने राहिला तर काय होणार? मला वाटलं, हा माणूस म्हणजे दारूगोळ्याचं कोठार आहे आणि त्याला ते माहीतच नाही. मी त्यांच्यामागे लागले.

"पुढारीणबाई," ते म्हणाले, "यायचं तर या. पण बाटली उघडली की तोंड बंद. बोलताना थुंकी उडते."

त्यांचा समुद्रावरचा अवतार बघण्यासारखा होता. गुडघ्यापर्यंतची चड्डी, वर प्रयोगशाळेतला पांढरा डगला, चष्म्याला मागून रबर बांधलेलं. कमरेइतक्या पाण्यात गेले की डगला चहूबाजूंनी फुलून वर यायचा आणि त्याच्या मध्यभागी आप्पा उभे. लोक त्यांना डॉक्टर समजायचे. बायका काठावर थांबून खोकल्याचं, खरजेचं सांगायच्या. आप्पा गंभीरपणे ऐकून घेत आणि एकच विचारत, "पाण्यात कधी उतरला होतात? भरतीला की ओहोटीला?" औषध काही देत नसत, पण बायका समाधानाने परत जात.

पाणी घेण्याची त्यांची जागा ठरलेली होती. कमरेइतकं खोल. पहिल्याच दिवशी मी त्यांना पलीकडे नाला येऊन मिळतो तिथे घेऊन जायला निघाले.

"तिथलं घेऊ या आप्पा. तिथे खरं काय ते कळेल."

"तिथे कोण पोहतं?"

"कोणी नाही."

"कुत्रासुद्धा वळसा घालून जातो. मग तिथलं पाणी घेऊन कोणाला काय सांगणार? पोरांची तोंडं जिथे पाण्याला लागतात, तिथलं घ्यायचं."

मला हे बोटचेपं धोरण वाटलं. मी तसं म्हणालेही. त्यावर त्यांनी बाटलीला बूच लावलं, वेळ लिहिली, वारा कुठून आहे ते लिहिलं, पाण्यात माणसं किती, काठावर उंट किती, घोडे किती ते मोजून लिहिलं आणि मग परतीच्या बसमध्ये मला एक गोष्ट सांगितली. तेवढी एकदाच सांगितली, पुन्हा कधी नाही.

कारखान्यातही ते पाण्याचे नमुने घ्यायचे. मात्र कुठे उभं राहून घ्यायचे ते साहेब सांगायचे. टाकीच्या एका कोपऱ्यात वरचं पाणी नितळ असायचं, तो कोपरा. "मी कधी खोटा आकडा लिहिला नाही," आप्पा म्हणाले. "एकही नाही. जिथे उभं केलं तिथलं पाणी घेतलं आणि त्याचा खरा आकडा लिहिला. सव्वीस वर्षं." मग त्यांनी मांडीवरच्या पेटीचं झाकण काढून बाटल्यांभोवतीचा बर्फ सारखा केला.

ती पेटी सहा तासांच्या आत घरी पोचवावी लागे, नाहीतर पाणी बाद. वाहतूक तुंबली की आप्पांचा रक्तदाब चढायचा. एकदा एका वरातीने रस्ता अडवला. आप्पा बसमधून उतरले आणि पेटी डोक्यावर घेऊन सरळ गरब्यात घुसले. पांढरा डगला बघून कोणीतरी गुजरातीत ओरडलं, "लोही छे, लोही! जवा दो!" रक्त चाललंय म्हटल्यावर ढोल थांबले, घोड्यावरचा नवरदेवसुद्धा बाजूला झाला. आप्पांनी दुरुस्ती केली नाही. रात्रभर मात्र ते त्यांना लागून राहिलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी वहीत नोंद होती: 'प्रवासात पाच मिनिटं वाचली. कारण: लोकांचा गैरसमज. मी गप्प राहिलो.'

निकाल लागला की तो ते किनाऱ्यावरच्या रमीलाबेनच्या भज्यांच्या गाडीवर टांगलेल्या पाटीवर लिहायचे. रमीलाबेन टोमॅटोची भजी तळायची आणि तिने ती पाटी लावू दिली होती, हा तिचा मोठेपणा, कारण पाणी वाईट म्हटलं की गर्दी रोडावते. पाटीवर तीनच शब्द येत. 'सारुं', 'जोईने' आणि 'ना'. खाली मराठीत चांगलं, जपून, नको. आकडा नाही, कारण नाही, उपदेश नाही. मी म्हणाले, निदान जबाबदार कोण ते लिहा. आप्पा चिडले की अहिराणीत जायचे. म्हणाले, "हाई पानी शे, भाषण नही."

लोक मात्र ती पाटी वाचायचे. स्कूटरवरून उतरतानाच विचारायचे, "बेन, आजे केवुं छे?" आणि रमीलाबेन झाऱ्याने पाटीकडे बोट दाखवायची. पहाटे पोहणारे म्हातारे, खानदेशातून लूमवर आलेल्यांच्या बायका, सुट्टीला आलेली घरं, सगळे. आप्पांनी आयुष्यात काही मिळवलं असेल तर ती पाटी.

पावसाळा ओसरत आला होता. आप्पांचा पाय चिखलात मुरगळला. आमच्याकडे ओहोटीला समुद्र दूर मागे सरतो आणि मागे चिखल सोडून जातो, त्यात त्यांचा घोटा अडकला. पुढचा शुक्रवार चुकला असता. अमावस्या त्यानंतर आठवड्याने होती आणि आमच्या गल्लीतल्या बायका अमावस्येला नातवंडं घेऊन समुद्रात आंघोळीला जायच्या. त्यांना पाणी कसं आहे ते सांगायला हवं होतं. नाइलाजाने आप्पांनी पेटी माझ्या हातात दिली. बाटली कशी धरायची, तोंड कोणीकडे करायचं, वर थोडी जागा कशी सोडायची, हे चारदा म्हणवून घेतलं. शिवाय एक जास्तीची बाटली दिली.

"ही कोरी. यात घरचंच उकळून गार केलेलं पाणी आहे. समुद्रावर न्यायची, बाकीच्यांसारखी उघडायची, दुसऱ्या रिकाम्या बाटलीत ओतायची आणि परत आणायची. यातून काही निघता कामा नये. निघालं तर समजायचं, घाण आपली आहे, समुद्राची नाही."

मी मान डोलावली. मनात मी पत्रकाचा मथळा जुळवत होते.

सगळं काही मी त्यांनी सांगितल्याप्रमाणे केलं. कमरेइतक्या पाण्यात गेले. तोंड बंद ठेवलं, आणि हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत लांब मौन असावं. पेटी वेळेत घरी आणली. आप्पांनी स्टुलावर बसून, पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून नळ्या भरल्या.

शनिवारी सकाळी ते झोपलेले असताना मी न्हाणीघरात जाऊन पेटीचं दार किलकिलं केलं. पुढची ओळ पिवळी. एकजात पिवळी, प्रत्येकीत बुडबुडा. परीक्षेत नापास होण्याचं भय असलेल्या मुलीला पेपर फुटल्यावर जो आनंद होईल, तो मला झाला. मागची ओळ मी बघितली नाही. अजून एक दिवस उबवून मग पक्कं करायचं असतं, हे मला माहीत होतं. पण पत्रकाला एक दिवस म्हणजे फार.

दुपारी छापखान्यात गेले. मथळा होता 'समुद्रात मैला!!!' खाली: 'माताभगिनींनो, अमावस्येला समुद्रात उतरू नका! तुमच्या मुलांच्या जिवाशी खेळ चालू आहे!' शेवटी मी विचारलं होतं, 'हे मौन कोणाच्या फायद्याचं?' रविवारी सकाळी गल्लीत घरोघरी वाटून मी समुद्रावर गेले आणि तिथेही वाटलं. पोहायला निघालेली माणसं थांबली. कोणी पत्रक वाचलं, कोणी पाटी वाचली. पाटीवर अजून मागच्या आठवड्याचं 'सारुं' होतं.

"पाटियुं साचुं के कागळ साचो?" एकाने रमीलाबेनला विचारलं. दुसरा म्हणाला, तो काका कुणाचे तरी पैसे खाऊन 'सारुं' लिहितो. तिसरा भजी परत करायला निघाला. रमीलाबेनने गॅस बारीक केला, पाटी उतरवली आणि टोमॅटोच्या क्रेटवर झाकण म्हणून ठेवून दिली.

"मारे भजियां वेचवानां छे, बेन," ती मला म्हणाली. "झघडा नथी वेचवाना." तिला भजी विकायची होती, भांडणं नाही.

ही लोकजागृतीच आहे असं समजून मी विजयी मुद्रेने घरी आले. आप्पा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसले होते. हातात एक नळी होती. पिवळी. ती मागच्या ओळीतली होती, कोऱ्या बाटलीची.

"घरचं उकळलेलं पाणी," ते म्हणाले. "त्यात मैला. बस. पहिल्यापासून सांग. काही गाळू नको."

मी सांगू लागले. बस, चिखल, पेटी, कमरेइतकं पाणी. ते डोळे मिटून ऐकत होते.

"मग बूच काढलं."

"हं."

"मग बाटलीची कड पुसली."

आप्पांनी डोळे उघडले. "कशानं?"

"ओढणीनं."

"सगळ्या बाटल्यांची?"

"हो. कोरीची पण."

"का?"

"स्वच्छतेसाठी," मी म्हणाले.

आमच्या घरात कोणतंही भांडं कड पुसल्याशिवाय भरत नाहीत. आजी पुसायची, आई पुसते. माझ्या हाताला ते सांगावं लागत नाही. त्या ओढणीला त्या दिवशी मी सिटी बसमध्ये हात पुसले होते, ती अंथरून घोड्याच्या शेजारी वाळूत बसले होते आणि तीच ओली करून गळ्यात घेतली होती. तिच्यात काय काय असेल त्याचा मैला समुद्राच्या नावावर चढला होता.

  आता मला छापलेल्या पत्रकांचंही सांगावं लागलं. मग पाटीचं. पाटी उतरवली म्हटल्यावर त्यांनी नळी हळूच खाली ठेवली, जणू तीच फुटणार होती.

मी हार मानणाऱ्यातली नव्हते. "आप्पा, नाला तर आहेच ना तिथे? पाणी घाण असेलच. लोक एक अमावस्या नाही उतरले तर काय बिघडलं? घाबरले तर चांगलंच आहे."

"तू मला कोपऱ्यात उभं करतेयस," आप्पा म्हणाले. "साहेब नितळ पाण्याच्या कोपऱ्यात उभं करायचे, तू घाणीच्या. आज उगाच 'नको' म्हटलंस, तर ज्या दिवशी खरंच 'नको' असेल त्या दिवशी कोण ऐकेल? त्या दिवशी पोरं पाण्यात जातील की नाही?"

मी उरलेली पत्रकं पिशवीतून काढून उंबऱ्यावर ठेवली. 

त्यांनी मला दुरुस्तीचं पत्रक लिहायला बसवलं. माझ्या लक्षात आलं की मी लहानपणापासून जी भाषा शिकले तिच्यात 'मी चुकले' असं वाक्यच नाही. पहिला खर्डा 'काही तांत्रिक कारणांमुळे' असा सुरू झाला. आप्पांनी खोडला. दुसऱ्यात मी 'चळवळीच्या प्रामाणिक भूमिकेतून' लिहिलं. तोही खोडला.

"ओढणी कुठे आहे यात?"

"ओढणीचं कशाला, आप्पा? लोक हसतील."

"हसू दे. कशानं बिघडलं ते कळलं पाहिजे."

शेवटी चार ओळी उरल्या. 'रविवारचं पत्रक चुकीचं होतं. मी बाटल्यांची कड ओढणीने पुसली, त्यामुळे तपासणी बिघडली. पाणी चांगलं की वाईट हे आज आम्हाला माहीत नाही. मंगळवारी पुन्हा पाणी घेऊ, अमावस्येच्या आधी पाटीवर लिहू.' खाली माझं नाव. वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "यात घोषणा कुठे आहे?"

सोमवारी मी तेच गल्लीतून पुन्हा घरोघरी वाटलं. एक म्हातारी पायरीवर बसून नातीकडून वाचून घेत होती. ऐकून इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. "ओढणीघाई पुसं का व माय!" मग गंभीर होऊन म्हणाली, "मी पण पुसलीच असती." त्या आठवड्यात मला मिळालेला तो एकमेव पाठिंबा.

समुद्रावर रमीलाबेनने कागद घेतला, वाचला, घडी करून गल्ल्याखाली ठेवला. पाटीबद्दल काही बोलली नाही.

मंगळवारी आप्पा माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत पाण्यात आले. बाटल्या मी भरल्या. ओढणी मला त्यांनी घरीच ठेवायला लावली होती. गुरुवारी उबवणीची पेटी उघडली. कोरी जांभळी. समुद्राच्या नळ्याही जांभळ्या, सगळ्या.

"तोंड का पडलं?" आप्पांनी विचारलं.

"नाही, कुठे."

"पाणी चांगलं निघालं म्हणून दुःख झालेला माणूस मी पहिल्यांदा बघतोय."

खोटं नव्हतं ते. मला खरोखर वाईट वाटलं होतं. समुद्राने माझ्या पत्रकाला साथ दिली नाही म्हणून मी समुद्रावर रुसले होते.

आम्ही दोघं त्याच संध्याकाळी गेलो. रमीलाबेनने आप्पांचा पाय बघितला, माझ्याकडे बघितलं आणि क्रेटवरची पाटी उचलून साडीच्या पदराने पुसू लागली. मध्येच थांबली, पदर सोडला आणि मोठ्याने हसली. "आ तो पुसाय ने, काका? के एमां पण जंतु?"

"पाटी पुसा," आप्पा म्हणाले. "पाटी चालते."

दुसऱ्या दिवशी, अमावस्येला, बायका पाण्यात उतरल्या. मी काठावर कपडे सांभाळत बसले होते.

पुढे आप्पांचा पाय बरा झालाच नाही नीट. मुलगी येऊन त्यांना धुळ्याला घेऊन गेली. उबवणी यंत्र, कुकर, वह्या आणि फ्रिज त्यांनी माझ्या हवाली केला. आईने अजून त्यात दूध ठेवलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर एकदा नळ्या खरंच पिवळ्या पडल्या. कोरी जांभळी होती, मी तीनदा बघितली. दुसऱ्या दिवशीही पिवळ्याच. पुढची तपासणीही तेच म्हणाली. रविवार होता. मी पाटीवर 'ना' लिहिलं आणि बाजूला उभी राहिले. कामरेजकडून एक कुटुंब आलं होतं. बापाच्या खांद्यावर ट्रकची फुगवलेली ट्यूब, मागे दोन मुली, पोहण्याचे कपडे घरूनच घालून आलेल्या.

"कोण कहे छे?" त्याने पाटी बघून तिरसटपणे विचारलं. मी तोंड उघडलं. नाला, प्रशासन, जबाबदारी, सगळं जिभेवर होतं.

"आ ओढणीवाळी कहे छे," रमीलाबेन भजी उलटत म्हणाली. "पोतानी भूल पण छापीने वहेंचे छे. मानवुं होय तो मानो." स्वतःची चूकही छापून वाटणारी, ही माझी ओळख झाली होती.

त्याने माझ्याकडे आणि मग समुद्राकडे बघितलं. मुली कुरकुरल्या. तो खाली बसला आणि ट्यूबची हवा सोडू लागला.

संध्याकाळी मी धुळ्याला फोन केला. "आप्पा, लोकांनी ऐकलं! मी एक शब्द बोलले नाही आणि कोणी उतरलं नाही!"

"कोरी?"

"जांभळी."

"मग पुन्हा पाणी कधी घेतेयस?"

"शुक्रवारी. नेहमीसारखं."

"शुक्रवारी?" ते ओरडले. "'नको' लिहिलं की रोज घ्यायचं! पाणी सुधारलं की लोकांना परत आत कोण सोडणार? लिही. उद्याची भरती."

मी कागद शोधू लागले. भरतीचं कोष्टक कुठे ठेवलं ते मला आठवेना. धुळ्याहून समुद्र कितीतरी लांब. तिथे खाटेवर बसून आप्पांनी मला वेळ सांगितली, मिनिटांसकट.